दुबईच्या दुकानातली कडक भाकरी

"मी जिवंत हाय तोवर या घरात सवाशीण मोकळ्या हातानं भाकरी थापणार न्हाई," सुंदरम्मा लेकाला म्हणाल्या.

"अव्वा, बांगडीची काच फुटून पिठात पडली तर सगळा माल परत येतो," नंदीश म्हणाला. "कोपराखाली काय घालायचं न्हाई. नियम मी केलाय का? दुबईच्या शेखाला फोन लावून देऊ?"

"लाव की. त्याची आई भाकरी थापती का विचारते. तुझा भाऊ तिकडं परमुलखात, आन् त्याच्या बायकोचे हात रिकामे?"

भावाची बायको, चंद्रिका, परातीपुढं ज्वारीचं पीठ मळत बसली होती. मैंदर्गीहून लग्न होऊन ती शुक्रवार पेठेत आली तेव्हा तिची भाकरी तव्यावर टाकताना फाटायची. पातळ थापून, तीळ लावून, कडक वाळवायला तिला सासूनंच शिकवलं. आता तिच्या हाताखाली चार बायका होत्या आणि भाकऱ्या विकायला पार दूर पुण्यापर्यंत जात होत्या.

तिचा नवरा मंजुनाथ दुबईत गोदामात कामाला होता. दोन वर्षांतून एकदा, महिनाभर यायचा. फोनवर तो काय जेवला ते सांगायचा, परत कधी येणार ते सांगायचा नाही. एकदा त्यानं खोलीजवळच्या दुकानात फोन फिरवून माल दाखवला. लोणची, पापड, शेंगाचटणी. "आपली भाकरी तेवढी न्हाई बघ," म्हणाला. त्या दिवसापासून चंद्रिकानं दिराची पाठ सोडली नव्हती. दोन देशांच्या करारानं जकात उतरली, मग नंदीशनं निर्यातदार गाठला. अरबी लेबलं छापून आली, भाकरीची तपासणी झाली. काल निर्यातदाराचा माणूस जागा, पाणी, डोक्यावरच्या टोप्या बघून खूश झाला आणि शेवटी बायकांच्या हातांकडं बघून थांबला. बांगड्यांवर बाही ओढलेली त्याला चालेना. कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घालून पाहिले, तर पीठ मोज्यालाच चिकटून वर आलं.

आणि मोज्यांनी थापून तिला काय मिळणार होतं? तिच्या भाकरीच्या कडेला बोटं उमटायची. जेवताना मंजुनाथ त्यावर अंगठा फिरवायचा, मग मोडायचा. दुकानात त्यानं पाकीट फोडावं आणि ओळखावं, एवढंच तिला हवं होतं. हे या दोघांपुढं बोलायची सोय नव्हती.

"मंजूला विचारलंस का?" सासूनं आता थेट तिलाच गाठलं.

"न्हाई, अत्ती. विचारलं तर अव्वा म्हणती तसं कर म्हणतील."

"मग?"

चंद्रिकानं परातीला चिकटलेलं पीठ बोटानं खरवडून गोळ्यात घातलं.

"उद्यापासून मी बांगड्या काढून थापणार हाय. काम झालं की घालीन. तुमाला बघवत नसलं तर तेवढा वेळ पुढच्या खोलीत बसा."