वाचवलेलं वर्ष

बुधवार, २४ नोव्हेंबर २०२१. पाणी ६.१० ते ६.५०. डाव्या डोळ्यात थेंब घातले. जिन्यातला दिवा पुन्हा गेला. ११ वाजता दर्शनाबरोबर कॉलेजात. दुपारी ३.२० ला परत. काम झाले नाही.

एवढं लिहून दमयंतीबाई विजयकरांनी पेनाला टोपण लावलं. उरलेलं संध्याकाळी. साठ वर्षं त्यांची डायरी अशीच दोन बैठकांत लिहून होत असे. सवय कॉन्व्हेंटातली. तिथल्या सिस्टर दर शुक्रवारी वह्या तपासायच्या आणि ‘मला फार वाईट वाटले’ असलं वाक्य दिसलं की लाल शाईने खोडायच्या. काय घडलं तेवढं लिही, म्हणायच्या, बाकीचं देवाला ठाऊक आहे. पुढे लग्न होऊन दमयंतीबाई परळला आल्या, डायरी इंग्रजीची मराठी झाली, यजमान गेले. शिस्त तेवढी राहिली.

नोकरीही त्या शिस्तीला शोभेल अशीच मिळाली होती. दादरच्या एका कॉलेजात जिमखान्याच्या कारकून, एकतीस वर्षं. विद्यापीठाच्या सामन्यांना जाणाऱ्या प्रत्येक खेळाडूचा पात्रतेचा फॉर्म त्यांच्या टेबलावरून जाई. वय, वर्ग, पटावरचं नाव, सगळं त्या पट्टी ठेवून ओळीओळीने बघत. विद्यापीठाने त्यांचा एकही फॉर्म परत पाठवला नव्हता, आणि ही गोष्ट परळच्या इमारतीत सगळ्यांना माहीत होती, कारण ती त्यांनीच सांगितलेली होती.

म्हणून तर दर्शना त्यांच्याकडे आली.

दर्शना परब खालच्या मजल्यावरची. वडील लवू मॉलमध्ये सुरक्षारक्षक, आई लक्ष्मी घरोघर पोळ्या करायला जाणारी. पोर कबड्डीत उजव्या कोपऱ्यावर उभी राहायची. चढाईला आलेल्या मुलीचा घोटा एकदा हिच्या मुठीत आला की सुटला असं सहसा व्हायचं नाही. एम.ए.च्या पहिल्या वर्षी विद्यापीठाच्या संघात राखीव म्हणून निवड झाली आणि बाकावर बसून परत आली. उरलं दुसरं वर्ष, तेच शेवटचं. त्या वर्षी आंतरविद्यापीठ स्पर्धेत खेळली की प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्र असलं की खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीला अर्ज. परबांच्या घरातून पक्क्या नोकरीकडे जाणारी वाट तेवढी एकच होती.

आणि नेमकं ते वर्ष कोरोनाचं निघालं.

प्रवेशाची मुदत संपत आली तेव्हा दर्शना खालच्या गॅलरीतून मान वर करून ओरडली होती. तेव्हा कुणी कुणाच्या दारात जात नव्हतं.

“आजी, पार्ट टूची लास्ट डेट शुक्रवारी आहे. घेऊ ॲडमिशन?”

“सामने होणार आहेत का यंदा?”

“कुठले! मैदानाला टाळं आहे.”

“मग शेवटचं वर्ष घरात बसून जाळतेस कशाला? एक वर्ष गॅप घे. पुढच्या वर्षी नाव घाल आणि खेळ.”

“कबड्डीचे सर म्हणतात, नाव पटावर असू दे.”

“सरांनी नियम वाचलेत का? मी एकतीस वर्षं वाचलेत.”

एवढ्यावर न थांबता त्यांनी कपाटातून १९८७ सालची डायरी काढली आणि कठड्यावरून मोठ्याने वाचून दाखवली: हॉकीच्या सीमाला कावीळ झाली, वर्ष बुडालं, पुढल्या वर्षी फॉर्म भरला, मंजूर. तारीख, वार, आवक क्रमांकासकट.

“आजी, तुमच्याकडे कोर्टाला पण पुरावा मिळेल,” दर्शना हसली होती. तिने त्या वर्षी प्रवेश घेतला नाही, यंदा घेतला.

विद्यापीठाचं परिपत्रक आलं या नोव्हेंबरात. दर्शना फोनवर ते घेऊन वर आली. “इंग्लिश आहे, तुम्हीच वाचा.” दमयंतीबाईंनी चष्मा पुसून वाचायला घेतलं. ज्या खेळाडूंचं नाव त्या बंद वर्षी पटावर होतं, त्यांचं ते वर्ष मोजू नये, त्यांना खेळायला एक वर्ष जादा मिळेल. इथपर्यंत मोठ्याने वाचलं. पुढचा परिच्छेद त्यांनी मनात वाचला, आणि पुन्हा एकदा वाचला.

“काय झालं, आजी?”

ज्यांचं नाव पटावर नव्हतं, त्यांच्या शिक्षणात खंड पडला असं धरून त्यांना अपात्र समजावं.

म्हणून आज त्या दोघी कॉलेजात गेल्या. दमयंतीबाईंच्या जुन्या टेबलावर आता उन्मेष नावाचा तरुण कारकून बसतो. त्यांनी निवृत्त होताना त्याला काम शिकवलं होतं. तो उठून उभा राहिला.

“मॅडम, तुम्ही सांगितलंत तर मी काय नाही म्हणणार? पण हे बघा.” त्याने कॉम्प्युटर वळवला. “त्या वर्षाचा रकाना रिकामा सोडला की पुढचं पानच उघडत नाही.”

“हाताने अर्ज देऊ.”

“तिघांचे दिले. तिन्ही परत आले.”

“चौथा दे,” म्हणत त्यांनी पर्समधून अर्ज काढला. काल तीनदा लिहून पक्का केलेला. उन्मेषने तो उभ्याउभ्या वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

“मॅडम, हे ‘माझ्या सल्ल्यावरून’ काढायला लागेल. चुकीचा सल्ला हे कारण त्यांच्यात बसत नाही. आजारपण असेल तर लिहा, सर्टिफिकेट जोडू.”

“आजारी नव्हते मी,” दर्शना म्हणाली. “ठणठणीत होते. आणि आजी, ती ओळ काढाच. ॲडमिशन घेतली नाही ती मी, तुम्ही नाही.”

“खोटं सर्टिफिकेट मी जन्मात जोडलेलं नाही,” दमयंतीबाई म्हणाल्या. मग त्यांनी दर्शनाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून उन्मेषला विचारलं, “कोण देईल सर्टिफिकेट?”

“आजी!” दर्शनाने त्यांचा दंड धरला. “चला. घरी चला.”

बसमध्ये दर्शनाने त्यांना खिडकीशी बसवलं.

“शनिवारी शिवाजी पार्कला ट्रायल आहे,” ती म्हणाली. “उजव्या कोपऱ्याला दिशा जाणार. माहितीये ना, ती छोटी? तिने तेव्हा नाव घातलं, घरबसल्या पास झाली, वर एक वर्ष बोनस.” ती हसली, पण ते हसू नाकात अडकलं. “घोटा धरायला मीच शिकवलं तिला.”

“तू जाशील बघायला?”

“सोमवारपासून मेडिकलच्या दुकानात लागतेय. शनिवारी काम समजवायला बोलावलंय.”

जिन्यात लक्ष्मी भेटली. हातात पिठाचा डबा. मुलीच्या तोंडाकडे बघूनच तिला कळलं.

“बाई,” ती आपल्या मालवणीत म्हणाली, “माझ्या चेडवाचा वर्स वाचवलंत मां तुम्ही? मग खंय ठेवलंत ता?”

“आई, गप!”

“का गप? विचारतंय. सांभाळून ठेवतत ना त्या सगळा कपाटात?”

एक हात कठड्यावर ठेवून दमयंतीबाई वर गेल्या. घरात आल्यावर दुपारची नोंद केली, आणि मग कपाट उघडून बसल्या. त्यात साठ वर्षांच्या डायऱ्या होत्या. १९८७ नंतरच्या सगळ्या त्यांनी एकेक करून पाहिल्या. त्या निवृत्त झाल्या त्या वर्षीच्या मार्च महिन्यात, निरोपसमारंभाच्या आदल्या दिवशी, ती ओळ होती. त्यांच्याच अक्षरात: खंड पडलेल्या खेळाडूंबाबत नियम बदलणार असे ऐकले. पुढे चौकशी करणे. पुढे त्यांनी चौकशी केली नव्हती. समारंभात कोण कोण आलं आणि चहाबरोबर काय होतं, याने पुढची दोन पानं भरली होती.

अंधार पडायच्या सुमारास चहाचं आधण उकळायच्या आत शेगडी विझली. बाहेर गॅलरीच्या कोपऱ्यातला भरलेला सिलिंडर एरवी दर्शना उचलून आणायची. वरून एक हाक मारली की यायची. आज दमयंतीबाईंनी हाक मारली नाही. दोन्ही हातांनी तो सिलिंडर तिरका करून त्या फरशीवरून घासत आणू लागल्या. वीतभर आला. मग थांबल्या, श्वास घेतला, पुन्हा वीतभर.

खालचं दार उघडल्याचा आवाज आला. दर्शना वर आली, त्यांना बाजूला केलं, सिलिंडर उचलून आत नेला, रेग्युलेटर बसवला, काडी ओढून शेगडी पेटते का ते पाहिलं. रिकामा सिलिंडर गॅलरीत नेऊन ठेवला. दमयंतीबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या.

“दर्शना, मी—”

“चहा घ्या, आजी. सकाळपासून काही खाल्लं नाहीये तुम्ही.”

ती खाली गेली. दमयंतीबाईंनी डायरी उघडली. दुपारच्या नोंदीखाली त्यांनी ‘मला’ एवढं लिहिलं, थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि ते खोडलं. मग लिहिलं:

गॅस ६.४० ला संपला. नवा सिलिंडर दर्शनाने लावला.