दक्षिण टोकाची थंडी आणि आमचे भाऊजी

माझ्या धाकट्या दिराइतकी थंडीची विचारपूस करणारा माणूस हुमनाबादपासून भालकीपर्यंत दुसरा सापडायचा नाही. सारा जन्म फ्रिज दुरुस्त करण्यात गेला. खिशात पेनाच्या जागी थर्मामीटर. लग्नाला गेले की आधी तो मठ्ठ्यात बुडवतात, आकडा वाचतात आणि मगच वाटी पुढं करतात. एकदा नवरीच्या मामानं विचारलं, "अप्पा, मठ्ठ्याला ताप आलाय का?" भाऊजी म्हणाले, "आलाय. बर्फ वाढवा."

भादवा लागला की मात्र त्यांना इथलं काही सुचत नाही. पृथ्वीच्या दक्षिण टोकावर, ढगांच्याही कितीतरी वर, थंडी किती आहे ते रोज मोबाइलवर बघतात. "अजून उतरंना तिथली थंडी, कसं व्हायलंय कुणाला ठाऊक," असं दिवसभर चालतं. शेजारच्या अक्काला वाटलं, यांची लेक परदेशात दिलीय. तिनं लोकरीची टोपी विणून आणली. भाऊजींना लेकच नाही. टोपी मात्र ठेवून घेतली.

"ओझोन, ओझोन" करायचे, आणि मी कित्येक वर्षं "ओझं" ऐकत होते. शेवटी विचारलं, कसलं ओझं आहे तुमच्यावर?

"वैनी, जुन्या फ्रिजातला गॅस मी नळी कापून सोडून द्यायचो. फुस्स. पोरं टाळ्या वाजवायची. तो वर गेला, अन् उन्हाची धार अडवणारा ओझोनचा थर खायलाय. भोक पाडलंय त्याला."

"मग भोक हुमनाबादवर कामून न्हाई? त्या टोकाला तर कुणाच्या घरी फ्रिज न्हाई."

या प्रश्नावर ते इतके खूश झाले की चहा गार झाला. गॅस सगळीकडं पसरतो, म्हणाले, पण तसा तो गरीब असतो. त्या टोकाला हिवाळाभर अंधार. थंडी अशी, की तेवढ्या उंचीवरही बर्फाचे ढग धरतात. त्या बर्फावर बसून गॅसचा स्वभाव बदलतो, आणि पहिलं ऊन आलं की तो खायला उठतो. थंडी जितकी कडक आणि लांबलेली, तितकं भोक मोठं.

"म्हंजे चूक थंडीची की तुमची?"

"थंडी पयल्यापासून हाय. गॅस मी दिला."

"तुमच्या एकट्याचा असा किती असंल?"

"माझा होता तेवढा होता."

आता तसला गॅस कुणी वापरत नाही. भोक हळूहळू बुजतंय म्हणे, पण वर गेलेला गॅस आम्हा दोघांनंतरही राहणार. तिकडं ऊब असली की भाऊजी एक भाकरी जास्त खातात, थंडी वाढली की ताट सरकवतात.

यंदा ऐन भादव्यात मोतीबिंदू काढला. डॉक्टरांनी आठ दिवस मोबाइल बंद सांगितला. आकडा वाचायचं काम माझ्याकडं आलं. उणे म्हणजे आडवी रेघ, एवढं त्यांनी शिकवलं आणि कालचा आकडा पाठ करून घेतला. पहिल्याच दिवशी बघते तर आकडा चांगलाच खाली गेलेला.

डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून बसलेले भाऊजी म्हणाले, "वैनी, किती हाय?"

मला आडवळणानं बोलता येत नाही. नवरा गेला तेव्हा तेही मी सगळ्यांना एका वाक्यात सांगितलं होतं. मी ताट त्यांच्या हाताशी सरकवलं.

"जेवा आधी," म्हटलं. "रेंज न्हाई."