वजनात मारलेला लॅपटॉप

आमच्या दुकानात पातळ पत्र्याचं भांडं आलं की ते आहेराच्या फळीवर जातं. घरी वापरायला मागणाऱ्या बाईला ते दाखवायचं नाही, हा वडिलांपासूनचा नियम. घरच्या भांड्याचं बूड जाड पाहिजे, हातात घेतल्याबरोबर मनगटाला कळलं पाहिजे. आहेराच्या भांड्याचं तसं नाही. ते देणाऱ्याला स्वस्त पडावं, घेणाऱ्याला मोठं दिसावं आणि पुढच्या लग्नात त्यानं ते बिनघोर तिसऱ्याला द्यावं. महाद्वार रोडच्या मागच्या गल्लीत बसून मी उभं आयुष्य एकच वाक्य विकलं आहे : "ताई, दिसण्यावर जाऊ नका, वजन बघा."

त्यामुळे माझ्या मुलीनं जेवताना मोबाइल पुढं करून "पप्पा, हा बघा, सगळ्यात पातळ लॅपटॉप, म्हणून जरा महाग," असं म्हटलं तेव्हा माझा घास हातातच राहिला. पातळ म्हणून महाग! हे वाक्य आमच्या गल्लीत कुणी म्हटलं असतं तर त्याला लोकांनी पाणी पाजून सावलीत बसवलं असतं.

पण तिची गरज खोटी नव्हती. ती एका सीएंच्या ऑफिसात शिकाऊ म्हणून काम करते. आज आजऱ्याच्या काजू कारखान्याचं ऑडिट, उद्या कुरुंदवाडच्या दूध संस्थेचं. सगळा प्रवास एसटीनं. लॅपटॉप तिच्या आतेभावानं वापरून दिलेला, पाट्याएवढा, आणि त्याचा चार्जर म्हणजे वरवंटा. हा पाटा-वरवंटा दीड वर्ष खांद्यावर वागवून तिचा उजवा खांदा धरला होता. रात्री तिची आई तेल चोळायची आणि ती उशीत तोंड खुपसून पडायची. डॉक्टरांनी सांगितलं, ओझं कमी करा, नाहीतर हे दुखणं कायमचं मुक्कामाला येईल. ऑफिसातल्या साहेबांनी सांगितलं, बाहेरगावी जाणं जमत नसेल तर तसं सांगा, दुसरं कुणी बघू. म्हणजे खांदा सुटला नाही तर काम सुटणार होतं.

इतकं सगळं समोर दिसत असताना बापानं काय म्हणावं? मी म्हटलं, "त्यात बिजागरी कसली आहे?"

तिनं पैसे शिकवण्या घेऊन आणि स्टायपेंडमधून साठवले होते. उरलेले मी घालणार होतो. ती रक्कम इतकी थोडी होती की सांगण्यात अर्थ नाही. तरी सगळ्यात जास्त बोलणार होतो मीच.

अशा खरेदीला एकट्यानं जाऊ नये म्हणून मी मेव्हण्याला बोलावलं. त्याच्या गोठ्यात म्हशी आहेत आणि बाजारात त्याला फसवलेला माणूस अजून जन्माला आलेला नाही, असं तो स्वतःच सांगतो. राजारामपुरीतल्या त्या गार हवेच्या दुकानात आम्ही तिघं शिरलो. विक्रेता पोरगेला, हसरा, गळ्यात पट्टी. हसऱ्या विक्रेत्यावर माझा विश्वास नाही. मीही दिवसभर हसतच असतो.

त्यानं दोन बोटांनी लॅपटॉप उचलून माझ्या तळहातावर ठेवला. मला वाटलं, आतला भाग काढून ठेवलेला नमुना दिला असेल.

"खरा कुठं आहे?" मी विचारलं.

"हाच, काका."

मेव्हण्यानं तो हातात घेतला, खालीवर केला, कानाशी नेऊन हलवला. "दाजी, ह्यात हाय तरी काय? नुसतं झाकान हाय की हे!" मग झाकण उघडून त्यानं सगळ्या बटणांवरून अंगठा फिरवला. "दात तर सगळे हाईत. पावणं, आता जरा धार काढून दाखवा."

विक्रेत्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "चालवून दाखव म्हणतात."

त्यानं कुठल्यातरी समुद्राचा व्हिडिओ लावला. पाणी इतकं निळं की शंकाच यावी. मेव्हणा म्हणाला, "हे टीव्ही पण दाखवतोय की. आमची पोरगी काय समुद्राचं ऑडिट करणार व्हय?"

मुलगी कानापर्यंत लाल झाली होती. तिनं गुपचूप पर्समधून पेनड्राइव्ह काढला, आपलं खरं काम उघडून बघावं म्हणून, आणि लॅपटॉपच्या दोन्ही कडांवरून बोट फिरवलं. पेनड्राइव्ह घालायला जागाच नव्हती.

"त्याला एक जोड लागतो," विक्रेता म्हणाला. "वेगळा मिळतो."

"वेगळा म्हणजे वेगळ्या पैशाचा?"

"हो, काका."

"मी डब्याचं झाकण वेगळं विकायला लागलो तर गल्लीत मोर्चा येईल."

मग मी एकेक विचारत गेलो. मेमरी पुढं वाढवता येते का? नाही, बोर्डावरच बसवलेली असते. बॅटरी काढता येते का? नाही, आत चिकटवलेली असते. पंखा कुठं आहे? पंखाच नाही, म्हणून तर आवाज येत नाही. सीडीचा कप्पा? त्यावर तो फक्त हसला. मी मेव्हण्याकडे वळून म्हटलं, "बघितलंस? जे जे काढून घेतलं त्याचे त्याचे पैसे लावलेत."

"पातळ करायलाच पैसे लागतात, काका."

"पत्रा लाटायला काय लागतं ते मला सांगू नकोस."

"ह्या पैशात," मेव्हणा मोठ्यानं म्हणाला, तेव्हा शेजारच्या टीव्हीपुढची दोन गिऱ्हाइकंही वळली, "दुभती म्हस येती. रेडकासकट."

"मामा," मुलगी पहिल्यांदाच बोलली, "म्हैस घेऊन मी आजऱ्याच्या गाडीत चढू का?"

यावर मेव्हण्यानं लॅपटॉपचं झाकण आपल्या हातानं मिटवलं आणि तो तिच्यापुढं सरकवला. माझ्या आठवणीत असं पहिल्यांदाच झालं. आणि तेवढ्यातच खरेदी होऊन गेली. मी मात्र शेवटचा खुंटा घट्ट करून घेतला. आठवड्याच्या आत पटला नाही तर परत घ्यायचा. विक्रेता म्हणाला, घेऊ, फक्त अंगावर ओरखडा नको. हे मी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं आणि मेव्हण्याला साक्षीला उभं केलं.

तिथून मी लॅपटॉप घरी नेला नाही, आधी दुकानात नेला आणि सरळ काट्यावर ठेवला. खोक्यावर वजन छापलेलं होतं. काट्यावर त्याहून थोडं कमी भरलं. मी पुन्हा ठेवला. पुन्हा कमीच.

"वजनात मारलंय!" मी ओरडलो. "छापलंय एक आणि दिलंय एक!"

मुलीनं कपाळाला हात लावला. "पप्पा, कमी भरला तर चांगलंच की. कमी वजनाचेच तर पैसे दिलेत आपण."

मला तिचं म्हणणं समजलं, पण पटलं नाही. कमी भरलेल्या मालावर खूश व्हायचं ही गोष्ट या वयात शिकणं अवघड असतं.

पुढचे चार दिवस घरात मी पहारेकऱ्यासारखा वागलो. ती काम करत बसली की मी जाऊन लॅपटॉपच्या पोटाखाली हात घालायचो. "कोमट लागतोय." ती म्हणायची, "चालू आहे म्हणून लागतोय." मी झाकण तिरकं धरून बिजागरीचा आवाज ऐकायचो. ती पाणी प्यायला उठली की लॅपटॉपवर कुणी बसेल म्हणून मी शेजारी उभा राहायचो. तो गादीवर ठेवला तर चादरीत गुंडाळला जाऊन धोब्याकडे जाईल, अशी भीती मी बोलून दाखवली. जेवताना, चहाला, अंघोळीच्या दाराशी मी एकच चिंता मांडत होतो : उद्या काही बिघडलं तर यात दुरुस्त काय करणार? सगळंच एकाला एक चिकटवलेलं. म्हणजे नवाच घ्यायचा, आणि तेवढे पैसे पुन्हा कुठून आणणार?

बायको एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, एकदा बोलला, कळलं. रोज तीच पालखी किती मिरवणार?"

मुलगी मान खाली घालून आपलं काम करत राहायची. मला वाटलं, ऐकतच नाही.

पाचव्या दिवशी ती आजऱ्याला गेली. संध्याकाळी मी दुकान लवकर आवरून तिला आणायला स्टँडवर गेलो. एरवी ती गाडीतून उतरायची तेव्हा आधी बॅग पायरीवर टेकवायची, मग स्वतः उतरायची आणि मग दोन्ही हातांनी बॅग उचलायची. त्या दिवशी ती बॅग एका खांद्याला अडकवून, एका हातात काजूची पुडी घेऊन, मैत्रिणीशी बोलत बोलत उतरली. मला बघून तिनं उजवा हात वर करून हलवला. उजवा. तो हात डोक्याच्या वर गेलेला मी कितीतरी महिन्यांत बघितला नव्हता.

तिला माझ्या गाडीवर बसवून मी घराकडच्या बावड्याच्या रस्त्याला लागेपर्यंत माझं मत फिरलं होतं. आणि माझं मत फिरलं की मला दुसऱ्याच गोष्टींचे संशय येतात. आता मला वाटायला लागलं, एवढी चांगली वस्तू, ही चोरीला जाणार. एसटीत कुणीही वहीसारखी काखेत मारून उतरेल. किंवा कधी दुरुस्तीला दिली तर दुकानवाले आतला माल बदलून तसलंच दुसरं झाकण हातात ठेवतील. सगळे दिसायला सारखेच. आपलं आपल्याला ओळखू कसं येणार?

यावर आमच्या धंद्यात एकच उपाय आहे.

दुसऱ्या दिवशी तिला सुट्टी होती. ती झोपलेली असताना मी लॅपटॉप पिशवीत घालून दुकानात नेला, गादीवर पालथा घातला आणि नाव घालायचं मशीन सुरू केलं. लग्नसराईत शेकडो तांब्यांवर आणि डब्यांवर चालणारं ते टर्र करणारं मशीन. पातळ हलक्या पत्र्यावर त्याची सुई नाचते, अक्षर फाटतं. मला वाटलं होतं, इथंही नाचणार. पण सुई बसली. त्या कागदासारख्या पत्र्यात ती इतकी सरळ, इतकी ठाम चालली की मी मधेच थांबून अंगठ्यानं तो भाग चाचपून बघितला. हा माल आहेराच्या फळीवरचा नव्हता. घरचा होता. एवढे दिवस विक्रेत्याला, मुलीला आणि मेव्हण्याला मी जे विचारत होतो, त्याचं उत्तर मला माझ्याच सुईनं दिलं. त्या आनंदात मी तिचं नाव अगदी ठसठशीत घातलं, आणि हाताच्या सवयीनं खाली आणखी एक ओळ.

संध्याकाळी चहाला सगळे बसलो. लॅपटॉप मी सकाळीच गुपचूप परत आणून ठेवला होता, टेबलावर, नाव अर्थात खालच्या बाजूला. मी योग्य वेळ बघून दाखवणार होतो. तेवढ्यात मुलगीच म्हणाली, "पप्पा, मी विचार केला. तुमचंच बरोबर आहे."

असं वाक्य माझ्या घरात क्वचितच ऐकू येतं. मी कप खाली ठेवला.

"बिघडला तर दुरुस्त होणार नाही, आणि पुन्हा घ्यायची आपली ऐपत नाही. रोज तीच धास्ती. उद्या आठवडा संपतोय. सकाळी परत देऊन येऊ. जुनाच वापरेन. खांद्याचं बघू काहीतरी. फारच झालं तर साहेबांना सांगेन, बाहेरचं काम नको म्हणून."

ती हे शांतपणे बोलली, हिशेब मांडावा तसं. आणि मला कळलं, ती एवढे दिवस माझं सगळं ऐकत होती. एक शब्द न सोडता.

मी म्हटलं, "परत कशाला? चांगला आहे की."

"तुम्हीच म्हणाला होता ना..."

"मी काय, मी काहीही म्हणतो."

तिनं परत द्यायच्या आधी पुसून घ्यावा म्हणून लॅपटॉप उचलला, फडका घेतला आणि उलटा केला. मग तिनं तो तसाच आईकडे वळवला. तिच्या आईनं वाकून मोठ्यानं वाचलं. आधी मुलीचं नाव. आणि खाली, वळणदार अक्षरात, "सप्रेम भेट".

"भेट?" मुलगी म्हणाली. "पैसे माझे आहेत की, पप्पा!"

बायको इतकी हसली की तिला ठसका लागला. मुलगी हसली नाही. ती उठून आत गेली आणि दार लावून घेतलं. मी मेव्हण्याला फोन लावला, काही वाट निघते का बघायला. तो सगळं ऐकून म्हणाला, "दाजी, म्हशीला डाग दिला की ती आपली. आता ती बाजारात न्ह्यायची न्हाय." आणि मागून त्याच्या बायकोचंही हसणं ऐकू आलं.

दुकानात परत देण्याचा प्रश्नच मिटला होता. ओरखडा नको म्हणाला होता तो, आणि मी दोन ओळी घातल्या होत्या. मुलीला दुसरा मार्ग नव्हता. ती तो लॅपटॉप घेऊन कुरुंदवाडला गेली, मग पुन्हा आजऱ्याला, मग आणखी कुठं कुठं. दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. साहेबांना मात्र तिनं काहीच सांगितलं नाही. खांद्याच्या तेलाची बाटली आता माझ्या गुडघ्यांकडे आली आहे.

संशय माझा पूर्ण गेला असं नाही. तो जोड शेवटी वेगळ्या पैशाचा घ्यावाच लागला, आणि लॅपटॉपच्या पोटाखाली अजून माझा हात जातो. परवा सकाळी ती निघाली होती, बॅग उजव्या खांद्यावर. मला राहवलं नाही. मी दारातून विचारलं, "जड लागत नाही ना गं?"

"नाव घातल्यापासून जरा जड झालाय," ती म्हणाली आणि रिक्षाला हात केला. उजवाच.