अक्कांचे डोळे आणि आबांची ट्यूब

आमच्या घरात कुठलीही वस्तू बिघडत नसे, ती वापरणारा बिघडलेला असे, असं माझ्या सासऱ्यांचं ठाम मत होतं. मिक्सर बंद पडला तर माझा हात जड. नळ गळायला लागला तर तो बंद करणाऱ्याला पिळायची अक्कल नाही. एकदा सकाळी नवऱ्याची मोटारसायकल सुरू होईना, तेव्हा आबा घरापुढच्या ओट्यावरून म्हणाले, "गाडी उत्तम आहे. किक मारणारा रात्रभर मोबाइल बघत बसला होता." अमळनेरच्या एका शाळेत त्यांनी विज्ञान शिकवलं होतं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी त्यांचा तास काही संपला नव्हता. फक्त वर्गात आता आम्ही तिघंच उरलो होतो: मी, माझा नवरा आणि माझ्या सासूबाई, ज्यांना सगळी गल्ली अक्का म्हणायची.

आमच्या स्वयंपाकघराला एकच खिडकी, तीही शेजाऱ्यांच्या भिंतीला नाक लावून बसलेली. त्यामुळे भर दुपारीसुद्धा ट्यूब लावावी लागे. ती ट्यूब आबांनी स्वतःच्या हाताने बसवलेली होती, तांब्याचा चोक घालून. "चोक म्हणजे ट्यूबचं हृदय," ते सांगायचे, "आणि हे हृदय आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त टिकणार आहे." हृदय टिकलं असेलही, पण ट्यूबची दोन्ही टोकं काजळी धरल्यासारखी काळी पडली होती आणि मधून पाणी घातलेल्या दुधासारखा उजेड यायचा. बाजारात सगळीकडे एलईडी आले होते. आबांना ते चालत नसत. "तो उजेड नाही, नुसता भपका आहे."

दर रविवारी ट्यूबची तपासणी व्हायची. मी स्टूल धरायचं, नवऱ्याने बटणापाशी उभं राहायचं आणि आबांनी वर चढायचं. मग ते ट्यूब जागच्या जागी फिरवायचे, फडक्याने पुसायचे, स्टार्टर काढून कानाशी हलवून बघायचे आणि पुन्हा बसवायचे. "दाबा बटण!" ट्यूब डोळे मिचकावायची, कुरकुरायची आणि होती तेवढीच पेटायची. "बघा, पडला ना फरक?" फरक इतकाच पडलेला असायचा, की पुसल्यामुळे टोकांचा काळेपणा जास्त उठून दिसायचा. तरी आम्ही "पडला, पडला" म्हणायचो. नाही म्हटलं तर विद्युतप्रवाहाचा धडा पहिल्यापासून सुरू व्हायचा आणि भाकरी राहायच्या.

एकदा नवऱ्याने आबांना न विचारता वायरमन बोलावला. आबांनी त्याला ओट्यावरच अडवून खुर्ची दिली, चहा दिला आणि मग विचारलं, "चोकचं काम काय, सांगा बरं?" त्याने बिचाऱ्याने सांगितलं. आबांनी त्याचं उत्तर अर्धवट ठरवून पूर्ण उत्तर द्यायला घेतलं. चहा संपला, ऊन ओट्यावरून उतरलं, तरी उत्तर चालूच होतं. शेवटी तो माणूस पिशवी उचलून "सर, मला शिंदखेड्याची एसटी गाठायचीय" म्हणत निघून गेला. तो राहायला आमच्याच गल्लीच्या टोकाला होता.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पण एके दिवशी तांदूळ निवडताना अक्का म्हणाल्या, "काहीच दिसत नही हाई उजेडमा." आबांनी पेपरातून मान वर न करता सांगितलं, "ट्यूब ठणठणीत आहे. तुझे डोळे गेलेत." अक्कांनी त्यांचं बोलणं खरं मानलं. नवरा विज्ञानाचा मास्तर, तो खोटं कशाला सांगेल? त्यांनी गोधडी शिवणं सोडलं. सुई ओवायला त्या मला हाक मारत, आणि पुढे तेही बंद झालं. तव्यावरची भाकरी त्या अंदाजाने उलटायच्या, बोटांना चटके बसायचे, ते पदरात लपवायच्या. सख्ख्या भाच्याच्या लग्नालासुद्धा गेल्या नाहीत. "तठे कोठे पडी जासू," म्हणाल्या. आपण आंधळ्या होत चाललोय, या धास्तीने एक हसती-बोलती बाई वर्षभरात भिंतीला धरून चालायला लागली. आबांची ट्यूब मात्र सुखरूप होती.

शेवटी मी अक्कांना जळगावला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलं. "केस नीट समजावून सांगायला" आबाही बरोबर आले. डॉक्टरबाई चांगल्या पिकल्या केसांच्या होत्या. त्यांनी दोन्ही डोळे तपासले आणि समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगितली. अक्कांनी घाबरत घाबरत वाचायला सुरुवात केली आणि शेवटच्या बारीक ओळीपर्यंत धडाधड वाचून काढलं. "काकू, मोतीबिंदू नाही, चष्म्याचा नंबरही जुनाच आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "घरात उजेड कमी आहे का?" आबांनी त्या यंत्राकडे एकवार नीट पाहिलं आणि बाईंच्या तोंडावर सांगितलं, "मशीन चांगलं आहे. हाताळणाऱ्या अजून नवशिक्या वाटतात."

परतीच्या एसटीत अक्का खिडकीशी बसल्या होत्या. गाडी गावातून बाहेर पडेपर्यंत त्या दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत होत्या. सोन्याची दुकानं, डाळमिल, पाइपवाले, दवाखाने, एकही पाटी सोडली नाही. आबा दुसरीकडे तोंड करून बसले होते.

घरी आल्यावर अक्कांनी पिठाची परात आबांच्या पुढ्यात आणून ठेवली. "मना डोया चांगला शेतस. आते सांगा, काय बिघडेल शे?"

आबा म्हणाले, "डोळे चांगले असतील, पण नजर कमजोर आहे."

"मंग कमजोर नजरवालीनी सयपाक कराना नही," अक्का म्हणाल्या आणि ओट्यावर जाऊन बसल्या. मला आत जाताना पाहून त्यांनी हात धरला. "तूबी जाऊ नको, पोरी."

मी गेले नाही. इतक्या आनंदाने मी त्यांची कुठलीच आज्ञा पाळली नव्हती.

आबा माघार घेणाऱ्यातले नव्हते. "खिचडीला काय लागतं," म्हणत ते स्वतः आत शिरले. डाळ त्यांनी त्याच उजेडात निवडली, त्याच उजेडात शिजवली आणि दाराकडे पाठ करून एकटेच जेवायला बसले. दोन-चार घास गेले असतील नसतील, कडकन आवाज आला. थोड्या वेळाने ते तोंडावर हात धरून बाहेर आले. दुसऱ्या हातात काहीतरी पांढरं होतं. तो खडा आहे की आपला दात, हे त्यांना आत कळेना, म्हणून ते ओट्यावर उजेडात बघायला आले होते. दात होता.

अक्का हसल्या नाहीत. "डोया गयात का तुमना?" एवढंच त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी आबा बाजारात जाऊन एलईडी घेऊन आले. "कंपन्यांनीच चांगल्या ट्यूबा बंद केल्या, त्याला मी काय करणार," असं तुटक्या दातातून फुसफुसत त्यांनी ती स्वतः बसवली. बटण दाबल्यावर स्वयंपाकघर लख्ख झालं. भिंतीवरची काजळी, कोपऱ्यातली जाळी, डब्यांवरचा तेलकट थर, सगळं एकदम समोर आलं. "इतला कचरामा मी सयपाक करत व्हतू?" अक्का कपाळावर हात मारून म्हणाल्या. आबांनी स्टूलवरूनच सुनावलं, "उजेड वाढवला की घाण वाढतेच." अक्का त्या वर्षी शिंदखेड्याला जाऊन भाच्याची नवी नवरी बघून आल्या.

पुढच्या उन्हाळ्यात आबांना जेवण जाईनासं झालं. ते वाळत चालले होते, पण पोट दाखवायला तयार नव्हते. "माझं पोट उत्तम आहे. सुनेच्या हाताला चव राहिली नाही." मी तेल बदललं, मसाला बदलला, आबांसाठी वेगळी भाजी करून पाहिली. बऱ्याच उशिरा त्यांना जळगावला नेलं, तेव्हा यकृत हाताबाहेर गेलं होतं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. वाटेत ते काही बोलले नाहीत, डॉक्टरांबद्दलसुद्धा.

घरी आणल्यावर त्यांची तब्येत जरा सावरल्यासारखी वाटली. नवरा कामावर जायला लागला. एका दुपारी अक्का त्यांच्या उशाशी बराच वेळ बसल्या होत्या. मग आत आल्या, नळाखाली तोंड धुतलं आणि पदराने पुसत म्हणाल्या, "पोरी, पोऱ्याले बलाई ले. हाऊ माणूस आते ऱ्हात नही."

मी घाबरले. आत्ताच तर मी आबांना पेज भरवून आले होते. "का? धाप लागली का त्यांना?"

"नही." अक्का म्हणाल्या. "माले म्हनतस, तुना डोयामा दोष नव्हता. त्यास्नी मनी माफी मांगी."

मी हातातलं भांडं खाली ठेवलं आणि नवऱ्याला फोन लावला.