एका डोळ्याचं करडू

करडू जिवंत होतं, हीच अडचण होती. मेलेलं असतं तर गयाबाईने गुपचूप पुरलं असतं आणि मला बोलावणं आलं नसतं.

तेल्हाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात मी नवा व्हेटर्नरी डॉक्टर होतो. गयाबाईचं गाव तिथून सायकलने तासाभरावर. गयाबाईने करडावर झाकलेलं डालं उचललं. करडाच्या चेहऱ्याच्या मधोमध एकच मोठा डोळा. नाकाच्या जागी काही नाही. डोळ्याच्या वर बोटाएवढी मांसाची सोंड. ते तोंडाने धापा टाकत होतं. डोळ्यात दोन बुबुळं होती, एकमेकांना चिकटलेली. मी डावीकडे सरकलो. डोळाही सरकल्यासारखा वाटला.

"सकाळपासून असंच पाहून राहिलं माह्याकडं," गयाबाई म्हणाली.

मागे पोलीस पाटील उभे होते. गयाबाईचं घर वर्षभरापूर्वी बौद्ध झालं होतं, घरातले देव काढले होते.

"देवीचा कोप हाय, डाक्टर," पाटील म्हणाले. "या बाईनं देवळापुढं नाक घासावं. तोवर तिच्या घरच्याईले गावात काम नाही."

"देव आमी काढले. मंग दंड बकरीले काहून?" गयाबाईने विचारलं.

थोड्या वेळाने करडू गेलं. मी ओट्यावरच पोस्टमॉर्टेम केलं. मेंदूचा पुढचा भाग दोन अर्ध्यांचा असतो. इथे एकच गुळगुळीत गोळा होता.

गर्भात डोळ्यांची जागा आधी एकच असते. मग एक संदेश येतो आणि तिचे दोन भाग होतात. तो संदेश जनुकांकडून येतो, हे मी रिटायर झाल्यावर वाचलं. संदेश पोचला नाही तर डोळा एकच राहतो. तेव्हा मला एवढंच माहीत होतं की जवळच्या रक्तात असले दोष वर येतात.

"बोकड कोणता?" मी विचारलं.

"देवीले सोडलेला. गावात दुसरा हाय कुठं?" गयाबाई म्हणाली. "हे बकरी बी त्याचीच पोर."

"असं याआधी कुणाकडे झालं होतं?"

"कधीच नाही," पाटील म्हणाले. फार लवकर म्हणाले.

त्यांची जनावरं चारणारा म्हातारा महादू खाली बघत होता. "पाटील, आपल्या गोठ्यात दोन झाले ना. तुमीच पुरायले सांगतलं."

"गप रे!"

"पह्यलं तं या लोकाइनं देव काढायच्या आधीचं हाय."

मी कुदळ मागितली. महादूने पाटलांच्या गोठ्यामागे खणलं. हातभर खाली मुठीएवढी कवटी लागली. त्याने अंगठ्याने माती पुसली. डोळ्यांच्या दोन खोबणींऐवजी एकच, मधोमध. दुसऱ्या खड्ड्यातही तेच. बघायला जमलेली माणसं मागे सरकली.

पाटील गयाबाईकडे न बघता म्हणाले, "उद्यापासून या कामाले."

"येऊ. पन बोकडाचं काय?"

बापलेकीच्या रक्तातून असं होतं, हे मी सांगितलं. बोकड खच्ची करायचा आणि बाहेरगावाहून दुसरा आणायचा ठरलं. देवीचा म्हणून कुणी धरेना. शेवटी गयाबाईने पाय धरले आणि पाटलांनी शिंगं.

पुढे दोन वर्षं मी तेल्हाऱ्याला होतो. तसं करडू पुन्हा आलं नाही. किंवा आलं असेल, तर मला कुणी दाखवलं नाही. एक मात्र शिकलो. गोठ्यात आधी काय झालं, ते मालकाला विचारू नये. गुरं चारणाऱ्याला विचारावं.