वहिनीच्या वतीने मी दिलेलं उत्तर

हे मी आजवर तोंडातून काढलेलं नाही. दादाजवळ नाही, आईजवळ नाही, ज्यांच्यासोबत गावोगाव पत्रकं वाटत फिरलो त्या मित्रांजवळ तर नाहीच. काढणार कसं? माझ्या शब्दाला आमच्या भागात जी थोडीफार किंमत आहे, ती एकाच समजुतीवर — की हा पोरगा खरं तेच लिहितो आणि कुणाला भीत नाही. आणि मी भ्यालो होतो. तेही कुणा गुंडाला, पुढाऱ्याला नाही. एका भल्या माणसाच्या मनातून उतरायला भ्यालो.

थांबा. असं अर्धवट सांगून उपयोग नाही.

मी वाचायला शिकलो तो पत्रकांवर. वडील चळवळीतले, घरात पुस्तकं कमी, पत्रकांचे गठ्ठे जास्त. मिसरूड फुटायच्या आत मी स्वतःची लिहायला लागलो. दारूविरुद्ध, अंगारे-धुपाऱ्यांविरुद्ध, तंबाखूविरुद्ध. आमच्या धाड गावच्या बाजारात उभा राहून वाटायचो. मोठ्या भावाची बायको, कमलवहिनी, मला पत्रकवाले भाऊजी म्हणायची. बुलढाण्याहून एसटीने घरी आलो की विचारायची, "आज कोनाले झोडपलं, भाऊजी?"

वहिनी जाड होती. आमच्याकडे जाडी ही शरीराची गोष्ट नसते, तो आरोप असतो. चरबी चढली म्हणजे माज आला. राबणाऱ्या बाईच्या अंगावर चरबी असेल, तर ती नक्कीच चोरून खात असणार! बाजारात कुणी म्हणायचं, "काय वो कमलबाई, कोन्या चक्कीचा आटा खाता?" वहिनी म्हणायची, "तुह्याच घरून आनतो ना. मोजून ठेवत जाय!" सगळ्या हसायच्या. तीही हसायची. पण चार बाळंतपणांनंतर तिचं पोट पुढे लोंबायला लागलं होतं. शेतात निंदायला बसली की ते मांड्यांवर दाबायचं, दम कोंडायचा. उन्हाळ्यात त्या वळीखालची कातडी चिघळायची, तिथे ती खोबरेल तेलात बुडवलेली चिंधी ठेवायची. हे मला दादाने सांगितलं, मान खाली घालून.

बुलढाण्यात तेव्हा एक सर्जन नव्याने आले होते. नाव लिहीत नाही. मुंबईत शिकून मुद्दाम आपल्या भागात परतलेला माणूस. माझं तंबाखूवरचं पत्रक त्यांच्या वाचनात आलं होतं. पहिल्याच भेटीत म्हणाले, तुमच्यासारखी मुलं घराघरांत हवीत. मी हवेत. खोटं कशाला सांगू? त्या एका वाक्यावर मी कित्येक दिवस जगलो.

पोटाची जादा कातडी आणि तिच्याखालची चरबी कापून काढता येते, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. वहिनीला तयार करायचं काम मी अंगावर घेतलं. सोपं नव्हतं. नसबंदीच्या शिबिरांची दहशत अजून गेलेली नव्हती. ऑपरेशन हा शब्द काढला की माणसं उठून जायची. वहिनीने एकच विचारलं — "कापतीन म्हन्जे किती कापतीन, भाऊजी?" मी भाषण ठोकलं. विज्ञान, अंधश्रद्धा, स्त्रीच्या शरीरावर स्त्रीचा हक्क. ती ऐकून घेत होती. किती कापतील ते मला माहीत नव्हतं. माहीत नाही, एवढं म्हणायला काय जात होतं माझं?

डॉक्टरांनी मात्र सगळं सांगितलं. समोर बसवून, तिला कळेल अशा भाषेत. हे बारीक होण्याचं ऑपरेशन नव्हे, म्हणाले. वजन फार उतरणार नाही. आतली चरबी आतच राहते, आम्ही फक्त कातडीखालची काढतो. खाणं आणि हालचाल बदलली नाही तर अंग पुन्हा सुटेल. कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत व्रण राहील, तो जन्मभराचा. पोटाची कातडी काही महिने बधिर लागेल. आत रक्त-पाणी साचू नये म्हणून नळी ठेवावी लागेल. पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून दुखत असलं तरी लवकर चालावं लागेल. कित्येक आठवडे हंडा उचलायचा नाही. आणखी मूल हवं असेल तर आत्ता हे करूच नका. साखर, रक्तदाब, हृदय, चालू असलेली औषधं — काही लपवू नका.

आता ऐकतो, परदेशात नळी घालून चरबी ओढून काढायची नवी तऱ्हा निघाली आहे. उद्या ती इथेही येईल, तिच्या जाहिरातीही येतील. कापा नाहीतर ओढा, हे सगळं विचारून घेतल्याशिवाय टेबलावर झोपू नका. आणि आपल्या वतीने दुसऱ्या कुणाला बोलू देऊ नका. हे कोण लिहितंय? मी!

तर — डॉक्टरांनी वहिनीला विचारलं, "धूम्रपान करता का?" तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, बिडी ओढता का विचारतात. ती खळखळून हसली. "अवो साहेब, म्या काय बाप्या हावो का?" डॉक्टरही हसले. मग नर्स तिला वजन करायला पडद्याआड घेऊन गेली. डॉक्टर माझ्याकडे वळले. "आणि तंबाखू? खाणं, लावणं, कुठल्याही रूपात?" कारणही त्यांनी सांगितलं. तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, टाक्यांच्या कडेपर्यंत रक्त पोचत नाही, कातडी मरते. असेल तर घाबरायचं कारण नाही, म्हणाले, आधी महिनाभर बंद करू, मग ऑपरेशन करू.

वहिनी मिश्री लावायची. आमच्याकडच्या बहुतेक बायका लावतात. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, बोटाने हिरड्यांवर घासत बसायची. सकाळी, जेवणानंतर, दुपारी शेताच्या बांधावर. कुणी तिला तंबाखू म्हणत नाही. तंबाखू पुरुष खातात. बायका दात घासतात. वहिनीला विचारलं असतं तरी तिने कदाचित प्रामाणिकपणे नाहीच म्हटलं असतं. पण मी? मी तर पत्रकात मोठ्या टायपात छापलं होतं — मिश्री म्हणजे तंबाखूच. आणि ते पत्रक वाचणारा माणूस माझ्यासमोर बसून विचारत होता. माझ्याच घरातली बाई दिवसातून चार वेळा ती लावते, हे त्याला कसं सांगू?

"नाही," मी म्हणालो.

एवढंच. आवाजही कापला नाही. महिनाभर थांबायचं होतं फक्त.

ऑपरेशन नीट झालं. काही दिवसांत टाक्यांच्या मधोमध कातडी जांभळी दिसू लागली, मग काळी पडली. मेलेली कातडी कापून काढावी लागली. पोटावर हात मावेल एवढी जखम उघडी. पट्टी बदलताना वहिनी दादाचा हात असा धरायची की त्याच्या मनगटावर नखं उमटायची. मी दाराबाहेर उभा राहायचो.

एके दिवशी नर्सला तिच्या उशीखाली मिश्रीची डबी सापडली. डॉक्टरांनी विचारलं, "कमलबाई, ही तुमची?" वहिनी म्हणाली, "हाव. लावतो ना मी. लगनाच्या आधीपासून." "मग सांगितलं का नाही?" ती बावरली. म्हणाली, "मले कोनं इचारलं, साहेब?"

खोलीत दादा होता, नर्स होती, मी होतो. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. तो क्षण माझा होता. तोंड उघडायचं होतं, आणि मी उघडलंही. म्हणालो, "डॉक्टरसाहेब, तुम्ही हे विचारलंच नव्हतं."

 ते खाली वाकून पट्टी बदलू लागले.

इथे थांबलो असतो तर मी नुसता खोटारडा ठरलो असतो. पण मला भीती — डॉक्टर उद्या बोलले तर? म्हणून त्यांच्याआधी मीच बोललो. पत्रक काढलं. काय भाषा वापरली होती! गरीब बाईच्या पोटावर हात साफ करणारे शहरी कसाई. न विचारता, न तपासता सुरी चालवणारे. मी ते धाडला वाटलं, बुलढाण्याच्या एसटी स्टँडवर वाटलं. लोकांनी पाठ थोपटली. सर्जनच्या दवाखान्यातली गर्दी ओसरत गेली. त्यांनी एका शब्दाने उत्तर दिलं नाही. वहिनीची जखम मात्र भरेपर्यंत तेच धूत राहिले. आम्ही पत्रक वाटतोय, आणि आमच्याच घरची बाई त्यांच्याकडे पट्टीला जातेय. पत्रकानंतर दवाखान्याची पायरी चढायची माझी हिंमत झाली नाही. दादा न्यायचा.

जखम भरली, पण गाठाळ आणि ओढलेली. वहिनीला आता उकिडवं बसता येत नाही. निंदणाला जाणं सुटलं. पोळपाटाशी बसते तीही एक पाय लांब करून. बाजारात आता तिला कुणी चक्कीचं विचारत नाही. बिचारी म्हणतात. त्या शब्दावर तिला उत्तर सुचत नाही.

आणि ती माझं नाव घेते. परवाच एका बाईला सांगत होती, "आमच्या भाऊजीनं लय लढाई केली माह्यासाठी. डाक्टरले सोडलं नाही." मी तिथेच चहा पीत बसलो होतो. चहा संपवला.

वहिनी अजून मिश्री लावते. डॉक्टरांनी तिला निक्षून सांगितलं होतं, सोडा. पण त्यांचं काही खरं मानू नका, हे मी छापलं. आणि मी स्वतः सोड म्हणालो तर ती विचारेल — काऊन? मग मला सांगावं लागेल. म्हणून मी म्हणत नाही.

आज हे लिहिलं. लिहिताना एक गोष्ट मला पक्की माहीत होती, तीही सांगून टाकतो. वहिनीला वाचता येत नाही.