पहिल्या मजल्यावरचा चंद्र

"कृपया चोरा," त्या म्हणाल्या आणि हनुवटीने ताटलीकडे खूण केली.

संध्याकाळची वेळ होती. मी भाजीच्या पिशव्या घेऊन जिन्यापाशी पोचले होते. खालच्या घरातल्या त्या म्हाताऱ्या बाईंच्या दाराबाहेर स्टुलावर एक ताटली होती. तीत तांदळाच्या पिठाचे पांढरे, गुलाबी आणि तपकिरी गोळे होते, एका टोकाला निमुळते केलेले. शेजारी बाटलीत तुऱ्यांचं उंच गवत. मला जपानला येऊन काही आठवडेच झाले होते आणि माझा माझ्या जपानीवर काडीचाही भरवसा नव्हता. मी हसले, मान लववली आणि वर निघून गेले. लाजरी माणसं अडचणीत सापडली की हेच करतात. तुम्हीही पाहिली असतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचरा टाकायला उतरले, तर त्या पायरीवर बसून तेच गोळे एकेक करून खात होत्या. कुणीतरी औषध घ्यायला लावल्यासारखा चेहरा. "कोणी चोरलं नाही," त्या म्हणाल्या. ही तक्रार माझ्याविषयी आहे, हे कळण्याइतकं जपानी मला येत होतं.

गोष्ट नव्वदच्या दशकातली, नागोयाची. माझा नवरा समीर गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत होता. कंपनीने आम्हाला शहराच्या टोकाला, एका जुन्या चारमजली वसाहतीत घर दिलं होतं. लिफ्ट नव्हती. जपानमध्ये जमिनीलगतच्या मजल्यालाच पहिला मजला म्हणतात. त्या पहिल्यावर, आम्ही तिसऱ्यावर. मी एकदा धीर करून त्यांना 'ओबाआसान', म्हणजे आजी, अशी हाक मारली होती. त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "मी तुमची आजी नाही. मी पहिला मजला." तेव्हापासून त्या 'पहिला मजला-सान' आणि मी 'तिसरा मजला-सान'; 'सान' म्हणजे आपल्या 'राव'-'बाई'सारखं आदराचं शेपूट. आडनाव दारावर लिहिलेलं होतं, पण मला ती लिपी वाचता येत नव्हती, आणि पुढे वाचता येऊ लागली तेव्हा विचारायची गरज उरली नव्हती.

चोरीचा उलगडा मला माझ्या जपानीच्या वर्गातल्या बाईंकडून झाला. शरदातल्या मोठ्या पौर्णिमेला घरोघर चंद्राला नैवेद्य दाखवायचा आणि गल्लीतल्या पोरांनी तो चोरायचा, ही त्या भागातली रीत. घरच्यांनी मुद्दाम दुसरीकडे बघायचं. नैवेद्य चोरीला गेला की चंद्राला पोचला. पण आमच्या वसाहतीतल्या आया मुलांना शिकवत, की दुसऱ्याच्या दारातलं काही उचलायचं नाही. त्यामुळे पहिल्या मजल्याचा नैवेद्य कित्येक वर्षं पोचत नव्हता, आणि त्या आता मोठ्या माणसांना विनवण्यावर आल्या होत्या.

मला हे सगळं फार नवलाचं वाटलं. मी पुण्यात कॉन्व्हेंटमध्ये शिकले. आमच्या सिस्टर 'पेगन' हा शब्द उच्चारण्यापूर्वी चष्मा काढून टेबलावर ठेवत. झाडाला, दगडाला, सूर्यचंद्राला पुजतात ते पेगन. आदल्याच आठवड्यात गच्चीवर कोजागरीचं दूध पिऊन आलेल्या आम्ही मुली तो शब्द निमूट वहीत उतरवून घ्यायचो. आता एक अस्सल पेगन बाई माझ्या जिन्याखाली राहत होत्या आणि मला त्यांना हजार गोष्टी विचारायच्या होत्या. हिवाळा आला तेव्हा एक विचारली. हा नैवेद्य कोणत्या देवाला?

"देवाला कशाला? चंद्राला."

म्हणजे चंद्र हा देव का?

त्यांनी थोडा विचार केला. "चंद्र म्हणजे चंद्र. तो दर महिन्याला येतो. देव येतो का?"

त्यांच्या घरात वारलेल्या नवऱ्याच्या तसबिरीपुढे रोज भाताची वाटी असायची, नव्या वर्षी त्या देवळातही जायच्या. पण चंद्राचं खातं वेगळं होतं आणि त्याचे नियम कडक होते. चंद्राकडे बोट दाखवायचं नाही, हनुवटी उचलायची. आधी सालासकट उकडलेल्या अळकुड्या, मग पिठाचे गोळे. गोळ्यांचा आकारही अळकुडीसारखाच हवा. "तोक्योत वाटोळे करतात," त्या सांगत, आणि पुढे काही बोलत नसत. समोरच्या शेतापलीकडे पाचिंको नावाच्या जुगारी खेळाचं दुकान होतं. त्याची दिव्यांची गोल पाटी नेमकी चंद्राच्या वाटेवर फिरत राहायची. त्या बाल्कनीचा पडदा अर्धा ओढून तेवढाच दिवा झाकायच्या. पाहुण्यापुढे पसारा आवरतात, तसा.

सगळ्यात कडक नियम दोन चंद्रांचा. मोठी पौर्णिमा पाहिली, की त्यानंतरच्या महिन्यातली तेरावी रात्रही पाहायलाच हवी, आणि तीही त्याच जागेवरून. दोनांतला एकच पाहणं वाईट. मराठी कानाला ते 'तेरावी' जरा खटकतं, पण ती असते आपल्या कोजागरीच्या दोनच दिवस अलीकडची त्रयोदशी. पौर्णिमा दोन दिवसांवर असताना अपुरा चंद्र का पाहायचा, असं मी विचारलं होतं. त्यावर त्या म्हणाल्या, "भरलेल्याला आता कमीच व्हायचं आहे. याला अजून काम आहे."

आमची मैत्री म्हणाल तर एवढीच. मी कपडे वाळत घालून विसरले, की खालून आवाज यायचा, "तिसरा मजला, पाऊस." त्यांच्या गुडघ्यांमुळे त्यांना वर चढवत नसे, मग मी वेलदोड्याचा चहा घेऊन खाली जायची. त्या वास घेऊन म्हणायच्या, "औषध," आणि कप रिकामा करायच्या. त्या देशात दिवसाकाठी माझ्याशी बोलणारं समीरखेरीज दुसरं कुणी नव्हतं, हे त्यांना कळलं होतं की नाही, मला कधी समजलं नाही.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी त्या पायरीवरून घसरल्या. हाड मोडलं नाही, पण ओसाकाहून त्यांचा मुलगा आला आणि त्याने ठरवून टाकलं. आई आता आमच्याकडे राहील, महिनाअखेरीला इथली किल्ली परत द्यायची. मुलगा भला होता. जिन्यात भेटला की आईमुळे होणाऱ्या त्रासाबद्दल माझी माफी मागायचा. खोके भरले जाऊ लागले.  पहिला मजला-सान त्या वर्षी चंद्रापुढचं ते तुऱ्यांचं गवत आणायला नदीकाठी गेल्या नाहीत.

मग ती पौर्णिमा आली. तेवढा मोठा चंद्र मी त्यापूर्वी पाहिला नव्हता आणि त्यानंतरही नाही. शेताच्या कडेला तो वर आला तेव्हा आधी समीरला वाटलं, पाचिंकोवाल्यांनी नवी पाटी लावली. हळूहळू इमारतीतली सगळी माणसं बाल्कन्यांत आली. एरवी एकमेकांची चाहूलही लागू न देणारी माणसं वरखाली बोलत होती. मी कठड्यावरून वाकून पाहिलं. पहिल्या मजल्याचा पडदा पूर्ण ओढलेला होता.

मी खाली गेले. दाराबाहेर स्टूल नव्हतं, ताटली नव्हती. त्या टीव्हीसमोर बसल्या होत्या, पाठ बाल्कनीकडे. आवाज बंद होता, चित्रं नुसतीच हलत होती.

बरं नाही का, मी विचारलं.

बरं आहे, त्या म्हणाल्या. मग माझ्या मोडक्या जपानीला झेपेल अशा सावकाशीने त्यांनी समजावलं. आज पाहिला, तर तेराव्या रात्री इथूनच पाहायला हवा. तोवर हे घर दुसऱ्याचं झालेलं असेल. लग्न होऊन या घरात आल्यापासून एकदाही अर्धवट पाहिलेलं नाही. नवरा गेला त्या वर्षीसुद्धा नाही. आता शेवटच्या वर्षी अर्धवट सोडून जायचं नाही. "त्यापेक्षा एकही नको. तेच स्वच्छ." एवढं बोलून त्यांनी पुन्हा टीव्हीकडे तोंड केलं.

बाहेर सगळी वसाहत तो चंद्र बघत होती, आणि ज्यांनी जन्मभर त्याची वाट पाहिली त्या एकट्याच मुक्या टीव्हीकडे बघत बसल्या होत्या.   मी दारापर्यंत परत आले, बुटांत पाय घातले, आणि मग तोंडातून दोनच शब्द निघाले.

"तिसरा मजला."

त्यांनी मान वळवली.

त्यांनी आज पाहिलेलाच नाही, म्हणजे अजून जागा ठरलेली नाही. माझ्या बाल्कनीतून पाहिला, तर ती जागा ठरेल. तेराव्या रात्री तिथेच यायचं. माझं घर तर कुणी घेणार नाही. हे सगळं मी ज्या व्याकरणात सांगितलं, ते ऐकून वर्गातल्या बाईंनी डोळे मिटले असते.

 वकिलाने कागद तपासावा तसं त्यांनी ते मनात उलटसुलट करून पाहिलं. मग विचारलं, "त्या रात्री तुम्ही इथे असाल?"

मार्चपर्यंत आहोत, मी म्हणाले.

"नक्की?"

मी आयुष्यात कुणाला 'नक्की' म्हणत नाही. बरंच काही आपल्या हातात नसतं असं मला वाटतं. त्या रात्री म्हटलं.

त्या उठल्या, कोपऱ्यातली छत्री घेतली आणि घरातच उघडली. आभाळ निरभ्र होतं. मी काही विचारायच्या आत त्यांनी खुलासा केला. जिन्याचे टप्पे पूर्वेला उघडे आहेत. "वाटेत दिसला, तर मला तेराव्या रात्री जिन्यात उभं राहावं लागेल."

तर अशा आम्ही वर चढलो. पुढे मी, मागे कठडा धरून, चंद्राच्या बाजूला छत्री आडवी धरलेल्या त्या. प्रत्येक पायरीला त्यांचा गुडघा आणि छत्रीची काडी दोन्ही कुरकुरत होते. दुसऱ्या मजल्यावरची बाई दार उघडून पाहू लागली, तर तिला त्यांनी गंभीरपणे 'शुभ संध्याकाळ' म्हटलं. त्यांच्या स्वयंपाकघरातून उचललेल्या अळकुड्या माझ्या पदराच्या ओच्यात होत्या.

त्या मी कुकरला लावल्या. पहिली शिट्टी झाली तेव्हा भूकंप आल्यासारख्या त्या टेबलाखाली जागा बघू लागल्या. मग आम्ही बाल्कनीत बसलो. त्यांनी छत्री मिटली आणि हनुवटी उचलली. एवढ्या उंचावरून चंद्र आणि पाचिंकोची पाटी वेगवेगळे दिसत होते, पडदा ओढायची गरज नव्हती. "तिसरा मजला चांगला आहे," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने त्या पाठमोऱ्या झाल्या आणि खोलीतल्या कॅलेंडरकडे पाहत राहिल्या. मला उशिरा लक्षात आलं. मी ताटलीतली एक अळकुडी उचलली आणि तोंडात टाकली. गरम होती, जीभ भाजली. माझी ती पहिली चोरी.

मी साखर, वेलदोडा घालून दूध दिलं आणि सांगितलं, की आमच्याकडे पुढच्या पौर्णिमेला असं दूध चांदण्यात ठेवतात, चंद्र त्यात पडावा लागतो. त्यांनी कप इकडेतिकडे कलता करून चंद्र शोधला. सापडला. मग त्या पिईनात. "हा मी पोटात घातला, तर तेराव्या रात्री काय बघायचं?" समीर मोठ्याने हसला. त्याला जपानी माझ्याहून कमी येत होतं, पण एवढं कळलं.

महिनाअखेरीला त्या ओसाकाला गेल्या.

त्रयोदशीला मी सकाळपासून चार वेळा बाल्कनीत जाऊन आले. आभाळ गच्च भरलेलं होतं. दुपार सरता सरता मुलाची गाडी आली. त्याने अर्ध्या दिवसाची रजा काढली होती, आणि आईने ओसाकापासून इथपर्यंत कसं डोकं खाल्लं ते तो जिन्यातच सांगू लागला. त्यांनी फडक्यात बांधून चेस्टनट घातलेला भात आणला होता. मी देशातून आणलेली चारोळी आणि केशर घालून दूध आटवलं होतं.

आम्ही बसलो. ढग हलले नाहीत. मी पुन्हा पुन्हा माफी मागू लागले, जणू ढग मी भाड्याने आणले होते.

"कशाला?" त्या म्हणाल्या. "तो ढगामागे आहे. आपण इथे आहोत. सगळे हजर आहेत."

मग दिसायची गरज नाही का? माझ्याच्याने राहवलं नाही.

"दिसणं त्याच्या हातात. बसणं आपल्या."

आणि त्या बसल्या, राखाडी आभाळाकडे तोंड करून, मांडीवर हात ठेवून, एखाद्या समारंभाला बसावं तशा. मुलगा दारात उभ्यानेच दोन कप दूध प्यायला. अंधार पडला, पाचिंकोची पाटी फिरू लागली. शेवटी त्यांनी गुडघ्यांवर तळवे टेकले आणि म्हणाल्या, "झालं." आवाजात समाधान होतं. काम पुरं करून उठणाऱ्या माणसाचं असतं तसं.

ती आमची शेवटची भेट. मार्चमध्ये आम्ही पुण्याला परतलो. ओसाका काही लांब नव्हतं, पण माझ्यासारख्या माणसांना जवळच्या ठिकाणीही जाणं होत नाही.

त्या रात्री त्यांची गाडी निघून गेल्यावर मी कप विसळत होते. समीरने बाल्कनीतून हाक मारली. ढग फाटले होते आणि तेराव्या रात्रीचा चंद्र लख्ख बाहेर आला होता. एका कडेला किंचित कमी. मी त्याच्याकडे पाहण्याआधी रस्त्याकडे पाहिलं. ओसाका नागोयाच्या पश्चिमेला. म्हणजे चंद्र गाडीच्या पाठीमागे होता, मागच्या काचेत. मुलाला तो आरशात दिसला असणार आणि तो म्हणालाही असेल, आई, बघ, निघाला. मी त्यांना जेवढं ओळखत होते तेवढ्यावरून सांगते, त्या मागे वळल्या नसणार. त्यांचा चंद्र तिसऱ्या मजल्यावर पाहून झाला होता.